दहा लाख नऊ

खारीवाव रोडवर, बंद पडलेल्या बांगड्यांच्या दुकानाच्या
जिन्याखाली एक काळा मीटर होता. त्याचं चाक फिरत नसे.
दर दोन महिन्यांनी तोच आकडा लिहायचा,
म्हणून मी पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचू लागलो:
१०००००९.

टॉर्च दातांत. पेटीच्या कोपऱ्यात पालीची अंडी.
वरून कुणी ओरडायचं, लाइटवाळा आव्या,
आणि मी खाली विचारात, याला कशाने भाग जातो?

दोनाने नाही, पाचाने नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.
अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीनही गेला.
साताने तीन उरले. अकराने दहा. तेरानेही दहाच.
सतराने एक उरला.
एकोणीसने पुन्हा एक.
त्या रात्री मी ताटावर बसलो आणि जेवलो नाही.
एवढा मोठा आकडा, दोनदा फक्त एकाने चुकलेला,
बस सुटावी आणि कंडक्टर आपल्याकडेच बघत असावा तसा.

जुन्या बिलांच्या पाठी भरत गेल्या.
दोनशे एकाहत्तरला एकोणीस उरले तेव्हा पेन्सिल ठेवली.
हजारापर्यंत जायला हवं होतं, ठाऊक होतं.
पण ठरवून टाकलं: ही मूळ संख्या.
कुणाच्या बापाला फुटायची नाही.
खरं सांगायचं तर मला ती तशीच हवी होती,
जिन्याखाली, अंधारात, कुणाची काही न लागणारी.

पुढच्या फेरीला मनहर कडिया त्याच जिन्यात लाद्या बसवत होता.
सहज विचारलं, दहा लाख नऊ लाद्या असल्या तर?
मान वर न करता म्हणाला,
हजार बाय हजारनो हॉल, ने त्रण बाय त्रणनी चोकडी.
एके नहीं वधे.

घरी येऊन वर्ग मांडले, हजारावरून एकेक पायरी खाली.
तिसऱ्या संध्याकाळी नऊशे बहात्तर.
त्याचा वर्ग वजा केला, उरले पंचावन्न हजार दोनशे पंचवीस,
म्हणजे दोनशे पस्तीसचा वर्ग, रेसभर इकडेतिकडे नाही.
त्याच लाद्यांत दुसरं घर!
हॉल थोडा आखूड,
पण चोकडीच्या जागी आता निजायला खोली.

मनहरने हात पुसून कागद घेतला, आधी उलटा धरला.
बे रीते बेसे छे? तो दळवीभाई, आमां सांधो छे.
अखंड फरशी एकाच रीतीने बसते, म्हणाला,
आणि पुन्हा थापी उचलली.

सत्त्याहत्तर. एक्याऐंशी. त्र्याऐंशी.
दोनशे त्र्याण्णव:
तीन हजार चारशे तेरा वेळा, खाली शून्य.
मी ज्या पायरीवर बसून देव मानला होता
तिच्यापुढे अवघ्या चार पायऱ्या.

नंतर डिजिटल मीटर आले, तो भंगारात गेला.
मी निवृत्त झालो.
अजून पैसे गुजरातीत मोजतो, हातचा मराठीत धरतो.
झोपेत बडबडलो तर बायको सांगते,
भाषा कळली नाही, आकडे होते.

परवा पुण्याला भाचीच्या लग्नात
पंगतीतल्या एका गृहस्थांनी आपुलकीने विचारलं,
बडोदा ठीक, पण तुम्ही मूळचे कुठले?
मी कागदी रुमाल ओढला. त्यावर दोन चौकोन काढले,
एक भलामोठा, एक नखाएवढा.
त्यांच्या खाली दुसरे दोन.
ते बघत राहिले.
तेवढ्यात मठ्ठा आला.